शून्यावर ठेवलेला एक

माझे कान धाग्याच्या कारखान्यानं खाल्ले. अर्धं आयुष्य मशीनींच्या घरघरीत उभी राहिले, त्यामुळे आता माझ्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. आणि मागच्या वर्षी सुनेच्या डोळ्याचा पडदा सुटला. म्हणजे घरात आम्ही दोघी, एकीला ऐकू येईना, दुसरीला दिसेना. मुलगा राखोलीला प्लास्टिकच्या कंपनीत, सकाळी डबा घेऊन जायचा तो दिवेलागणीला यायचा. अशा आम्ही दोघींनी मिळून तिची नोकरी वाचवली. ते सांगते.

सून दुधनीची. माहेरी थोडी शेती, बाकी धरणातले मासे. ती पोरगी कॉम्प्युटरचं शिकली, लग्नानंतर सिल्वासात आमच्या खोलीत बसून काम करायला लागली. चाळीतल्या बायका मला टोचायच्या, "सून दिवसभर लॅपटॉपपुढे बसते, काम करते का पिच्चर बघते?"

मी म्हणायचे, "पिच्चर बघायचा पगार देत असतील तर मला पण पत्ता द्या, मी पण जाते."

पण खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं ती काय करते. एकदा भाजी निवडताना विचारलं, तर तिनं मला समजेल असं सांगितलं. म्हणाली, एक सांगाडा आहे. फ्रेमवर्क म्हणतात त्याला. त्याच्यावर लोक आपापली दुकानं उभी करतात, बँकवाले, शाळावाले, दवाखानेवाले. तो सांगाडा कुणा एकाचा नाही, जगभरची माणसं मिळून तो सांभाळतात, आणि तिच्या कंपनीनं तिला त्याच कामाला बसवलेली. आता त्या सांगाड्यात सगळं घरचंच नसतं. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू आणून जोडलेल्या असतात. त्या वस्तू बनवणारे सारखे नवे नंबर काढत राहतात. कुठली वस्तू कुठल्या नंबरची घ्यायची, ते एका जागी ठोकून ठेवायचं. त्याला पिन म्हणतात. पिन मारली नाही तर आज चाललेलं उद्या मोडतं, आणि कुणामुळे मोडलं ते कळत नाही.

मी म्हटलं, "हे तर लॉटसारखं झालं."

आमच्याकडे कारखान्यात हेच. धागा वरून सगळा सारखाच पांढरा दिसतो. पण एका कापडात दोन लॉटचा धागा गेला की रंगवल्यावर पट्टा उमटतो. मी पॅकिंगला होते. धागा गुंडाळलेल्या कोनांच्या खोक्यावर लॉट नंबरची चिठ्ठी लावायची, एवढंच माझं काम. आकडे आणि मोठी एबीसीडी मी त्या चिठ्ठ्यांवर शिकले, शाळेत नाही. शाळा मी दुसरी पाहिली आणि सोडली.

"तसंच, आई," ती म्हणाली. "फक्त आमचा पट्टा जगभर उमटतो."

सुनेची नोकरी अजून कच्ची होती. सांगाड्याचा नवा अवतार बाहेर पडायचा होता. त्याच्या आधी सगळ्या जुन्या पिना काढून नव्या नंबरच्या मारायच्या, आणि एकही वस्तू मोडू द्यायची नाही, हे काम तिला दिलेलं. ते नीट पार पडलं तर नोकरी पक्की, आणि किल्ली मिळणार. किल्ली म्हणजे दुसऱ्या कुणाला न विचारता स्वतःच्या हातानं बदल आत घ्यायचा हक्क. नाही पार पडलं तर काम पुण्याच्या ऑफिसातल्या कुणाकडे जाणार, आणि ती मोकळी.

आणि अशा वेळी डोळा गेला. सकाळी उठली आणि म्हणाली, "आई, उजवीकडून काळा पदर आल्यासारखा दिसतोय." तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यानं फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणजे हाच एक कामाचा. वापीला नेली, ऑपरेशन झालं. डॉक्टरनं डोळ्यात हवा भरली आणि सांगितलं, पडदा चिकटेपर्यंत पालथं झोपायचं. जेवण, आंघोळ सोडून तोंड खालीच. वाचायचं तर नावच नाही.

मी माणूस मरताना पाहिलाय. नवरा गेला तेव्हा मुलगा अंगणवाडीत होता, आणि मी तिसऱ्या दिवशी कामावर उभी होते, कारण उभी राहिले नसते तर जागा दुसरीला मिळाली असती. त्यामुळे डोळ्याचं ऐकून मी रडले बिडले नाही. पलंगाच्या कडेला तिचं डोकं बाहेर काढलं, कपाळाखाली गोधडीची गुंडाळी दिली. ती खाली बघून झोपली. डोळ्याला पट्टी.

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांचा फोन आला. मला पण ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण वाढवून स्पीकरवर लावला. बोलायला सर चांगले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आराम करा. काम मी दुसऱ्याला देतो. तब्येत आधी."

सून फरशीकडे तोंड करून म्हणाली, "सर, मी करते. डोळे दुसऱ्याचे घेईन, डोकं माझंच आहे."

"कुणाचे डोळे?"

"घरातलेच."

मग ते म्हणाले, "ठीक आहे. पण एकेक बदल मी तपासणार. आणि तारीख हलणार नाही."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "घरातले डोळे कुणाचे गं? तो तर कामावर."

"तुमचे."

"मोबाईल वाचून दाखवतो ना म्हणे."

"तो भरभर वाचतो आई, आणि टिंबं गिळतो. माझं सगळं काम टिंबांचं आहे."

मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि तिच्या तोंडाखाली फरशीवर मांडी घालून बसले. पहिल्याच ओळीला अडले. कळांवर मोठी अक्षरं होती, ती मला येत होती. पण पडद्यावर सगळी बारकी. मला बारकी एबीसीडी येतच नव्हती, खोक्यांवर कधी नसायची ना. मग ती झोपल्या झोपल्या शिकवायला लागली. "काठी उभी आणि पोट पुढे, तो बी. काठी उभी आणि पोट मागे, तो डी."

"आणि पोट पुढे पण काठी खाली लोंबते तो?"

"तो पी."

"म्हणजे बी बाळंत झाली."

ती हसली तर तिचं डोकं हललं. मी रागावले, "हलू नको, पडदा सुटेल." मग परत "पुढचं वाचा".

तिची रीत ठरलेली. एका वेळी एकच पिन काढायची. नवा नंबर मारायचा, लांब कुठंतरी असलेल्या मशीनवर तपासणीला पाठवायचं. तिथं पिवळं टिंब फिरत राहतं. पास झालं की हिरवी खूण, नापास झालं की लाल फुली. हिरवी आली की हा नंबर का घेतला ते एका ओळीत लिहायचं आणि मगच पुढची. मी म्हटलं, "चार-पाच एकदम बदलू, लवकर होईल."

"आणि लाल आली तर? त्या पाचातली कुठली, कसं कळेल?"

बरोबर होतं तिचं.

पिवळं टिंब फिरत असताना मी भाकऱ्या थापायचे. ती विचारायची, "फिरतंय का?" मी चुलीजवळून बघून सांगायचे, "फिरतंय." गॅसच आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. भाकरी भाजून होईस्तोवर हिरवी यायची कधी, कधी नाही यायची. लाल आली की मला तिथला इंग्रजी मजकूर एकेक अक्षर वाचून दाखवावा लागायचा. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी टी, एच, ई म्हणायचे आणि ती वरून म्हणायची, "द. पुढे." असं ओळीच्या ओळी. तिच्या माहेरी जाळं विणतात. ती म्हणायची, "अंधारात पण जाळ्याची गाठ हाताला कळते आई, तुम्ही फक्त दोरा माझ्या हातात द्या."

आणि हे सगळं ओरडून. कारण तिला दिसत नाही आणि मला ऐकू येत नाही. "दोन टिंब चार टिंब सात." "काय?" "सात, सात, आई, सात." सगळ्या चाळीला आकडे पाठ झाले.

शेजारी एक गुजराती बाई राहते, बेन म्हणतात तिला सगळे. ती एकदा दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावून. "माजी, साचुं, खरं बोला. मटक्याचा आंकडा लावता ना तुम्ही दोघी?"

"लावतो."

"मला पण सांगा ना एखादा. माझ्या नशिबात काही तर येऊ दे."

"आमचा अजून लागला नाही. लागला की सांगते."

सून वरून म्हणाली, "बेन, या आकड्यांत फक्त काम लागतं."

"काम तर माझ्याकडे पण पुष्कळ छे," असं म्हणून ती गेली.

दिवस जात होते आणि हिरव्या खुणा जमत होत्या. संध्याकाळी मुलगा यायचा, हातपाय धुवायच्या आधी विचारायचा, "किती राहिल्या?" राहिलेल्या कमी होत गेल्या. शेवटी एकच राहिली. आणि ती लाल.

आत असलेल्या दोन वस्तू त्या एका वस्तूवर चालत होत्या. तीन टिंब दोन टिंब शून्य लावला की पहिली मोडायची. म्हणून मागचा लावला, तीन टिंब एकच्या ओळीतला, तर दुसरी मोडायची, तिला लागणारी एक दुरुस्ती त्यात नव्हती. एकाच घरात दोन जावा, एकीला नवं जातं हवं, एकीला जुनं, आणि दळण एकच. सुनेनं सगळं करून पाहिलं. मी इतकी लाल अक्षरं वाचली की डोळे मिटले तरी लालच दिसायचं.

तारीख तोंडावर आली. सरांचा फोन. "मॅडम, एक राहिली म्हणजे बाकीच्या पण आत घेता येत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला? सगळ्या एकमेकींना धरून आहेत. उद्या दुपारपर्यंत झालं नाही तर मी पुण्याला सोपवतो."

"चालेल सर," ती म्हणाली. चालेल काय चालेल. फोन ठेवल्यावर तिच्या कपाळाखालची गोधडी बदलली मी, ती ओली होती. डोळ्यात पाणी आणायचं नाही हे डॉक्टरनं सांगितलेलं. मी तिला त्याची आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेल्यावर ती म्हणाली, "आई, परत तीन टिंब दोन टिंब शून्य लावा. शेवटचं एकदा ते लाल नीट ऐकते. माझं काहीतरी सुटतंय."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडे शून्यावर काही थांबवत नाहीत. लग्नात आहेर द्यायचा तर पन्नास कुणी देत नाही, एक्कावन्न देतात. शंभर नाही, एकशे एक. वरचा एक ठेवला नाही तर ते देणं संपलं, पुढे वाढत नाही, असं मानतात. त्यामुळे शून्यानं संपणारे नंबर दाबताना माझा हात आधीपासूनच कचरायचा. मी तिला एकदा म्हटलं पण होतं, तर ती म्हणाली, "आई, हा आहेर नाही, सांगते तेच दाबा." आणि ती सांगेल तेच मी दाबत आले. पण त्या सकाळी ही शेवटची पिन. शेवटची, आणि शून्यावर. तीन दाबलं, टिंब, दोन, टिंब, आणि हातानं आपोआप एक दाबलं. पाकीट भरताना हात जसा न विचारता सुट्ट्या रुपयाकडे जातो तसा. पाठवून दिलं.

या वेळी पिवळं टिंब फिरलंच नाही. लगेच लाल.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

मी अक्षरं वाचायला लागले. दोन-तीन शब्द झाले असतील, ती म्हणाली, "थांबा. तुम्ही कुठला नंबर लावला?"

पडद्यावर पाहिलं आणि मग मला दिसलं. "तीन टिंब दोन टिंब एक."

"एक का?"

"शून्यावर काम संपवत नाहीत."

मला वाटलं आता बोलेल. बोलली पण, पण हळू, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. "काय?" म्हटलं तर ओरडून म्हणाली, "असा नंबरच नाहीये आई, म्हणून ते बोंबलतंय. पुसा."

"पुसते. पण ते आणखी काही म्हणतंय खाली. कंसात पुष्कळ नंबर आहेत."

"ते तसंच असतं. नसलेला मागितला की आहेत ते सगळे दाखवतं, यातला घ्या म्हणतं."

"मग वाचू का नको?"

तिनं उसासा टाकला. "वाचा. आता काय."

मी वाचत गेले. जुने नंबर आधी, मग पुढचे. दोनच्या ओळीतले झाले, तीनच्या ओळीतले आले. "तीन टिंब शून्य टिंब शून्य. तीन टिंब एक टिंब शून्य. तीन टिंब एक टिंब एक. दोन. तीन. तीन टिंब एक टिंब चार. तीन टिंब दोन टिंब शून्य. संपलं."

"परत."

"सगळं?"

"शेवटचे फक्त."

"तीन टिंब एक टिंब तीन. तीन टिंब एक टिंब चार. तीन टिंब दो..."

"चार? आई, चार का? तीनच असेल बघा."

"माझे कान गेलेत, डोळे नाही गेले. चार आहे."

ती उठून बसायला निघाली. मी तिच्या मानेवर हात ठेवून खाली दाबली. "पड. पडून सांग काय ते."

पडल्या पडल्या, फरशीकडे बघत, ती बोलत सुटली. चार आधी नव्हता. तिनं ही वस्तू तपासली तेव्हा जुन्या ओळीत तीनवरच थांबलेलं होतं. मग ऑपरेशन झालं, ती आडवी झाली, आणि त्यानंतर त्या वस्तूवाल्यानं जुन्या ओळीत आणखी एक काढलेला असणार. जे लोक नव्यावर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी, नव्यातली दुरुस्ती जुन्यात घालून. असं करतात कधी कधी. करतीलच असं नाही, म्हणून ती पुन्हा बघायला गेली नव्हती. म्हणजे जुनंच जातं, पण त्यात दगडाची पाळू नवी बसवलेली. दोन्ही जावांना चालेल असं.

"चालेल का?" मी विचारलं.

"लावा. आणि आई, या वेळी मी सांगते तोच."

तीन, टिंब, एक, टिंब, चार. मी दाबलं, तिला परत वाचून दाखवलं, मग पाठवलं. पिवळं टिंब फिरायला लागलं. मी भाकरी थापायला गेले नाही. तिथंच बसले. ती विचारत होती, "फिरतंय?" मी म्हणत होते, "फिरतंय." बाहेर नळाला पाणी आलं, बायकांची भांडी वाजायला लागली. मी नळाला पण गेले नाही, आणि मी नळ कधी सोडत नाही.

हिरवी आली.

"आली," मी म्हटलं.

"नक्की?"

"पानासारखी हिरवी."

दुसरी एखादी असती तर नाचली असती. तिनं मला त्या वस्तूवाल्याचं पान उघडायला लावलं. चार नंबर का काढला, त्यात काय घातलं, ते अक्षर अक्षर वाचून घेतलं. तिच्या मनात होतं तेच निघालं. मग तपासणी आणखी एकदा लावली. परत हिरवी. तेव्हा कुठं म्हणाली, "आता कारण लिहू." ती सांगत गेली, मी एका बोटानं दाबत गेले. ओळ संपल्यावर म्हणाली, "आता खाली तुमचं नाव."

"माझं कशाला?"

"कामाला ज्याचा हात लागला त्याचं नाव खाली लिहायचं. आमच्यात रीत आहे ती."

कारखान्यात खोक्यावर पॅकरचा नंबर असायचा. नाव नसायचं. माझं नाव राशनकार्डावर आहे आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर आहे, दोन्ही दुसऱ्यांनी लिहिलेलं. मी माझं नाव इंग्रजीत कधी लिहिलं नव्हतं. ती एकेक अक्षर सांगत होती आणि मी दाबत होते. पहिलं अक्षर मोठं, बाकी बारकी. बारकी सगळी मला आता येत होती.

दुपारच्या आत सरांचा फोन आला. "मॅडम, हा चार नंबर तुम्हाला कसा सापडला? पुण्यात कुणाला माहीत नाही."

तिनं सांगून टाकलं, जसं झालं तसं. आहेर, शून्य, एक, सगळं. मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. फोनमधून आवाज आला तो मला कळेना. मी तिला विचारलं, "रागावले का?"

"हसतायत."

मग ते मोठ्यानं म्हणाले, माझ्यासाठीच असणार, "काकू, माझ्या लग्नाला माझ्या आजीनं पण असंच एकावर पाकीट दिलं होतं." आणि तिला म्हणाले, "सगळ्या आत घेतो. आणि पुढच्या वेळेपासून मला विचारू नका, तुम्हीच घ्या. किल्ली पाठवतो."

सुनेनं पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडला, अंदाजानं माझं डोकं शोधलं आणि त्याच्यावर ठेवला. मी तसाच राहू दिला. मग म्हटलं, "भूक लागली असेल, भाकरी टाकते."

संध्याकाळी मुलगा आला. दारातच विचारलं, "किती राहिल्या?"

"काही राहिलं नाही," मी म्हटलं. तो चप्पल न काढताच आत आला आणि माझ्याशी बोलताना ओरडतो त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसला. भिंतीपलीकडून बेननं ओरडून विचारलं, "माजी, लागला काय?"

"लागला. तीन-एक-चार."

तिनं तो कुठं लावला का, मी विचारलं नाही.

पुढे डॉक्टरनं मान वर करायला सांगितलं तेव्हा वापीहून घरी येऊन ती पहिल्यांदा लॅपटॉपपुढे बसली. काळा पदर गेलेला. थोडं धूसर होतं, पण दिसत होतं. मी दाबलेली एकेक ओळ तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वरून खालपर्यंत पाहिली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते, पण लक्ष तिकडेच. शेवटी मान फिरवून म्हणाली, "आई, एका ठिकाणी एक जागा जास्त सोडलीत."

"मोडलं काही?"

"नाही. नुसती रिकामी जागा आहे."

"मग असू दे."

"असू दे कसं," ती म्हणाली, आणि स्वतःच्या किल्लीनं आत जाऊन तिनं ती पुसली.